आधी तेल, मग तत्त्वज्ञान

महापूर ओसरल्यावर सांगलीत दोन गोष्टी मागं राहतात, गाळ आणि स्पष्टीकरणं. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर गावभागात, मारुती चौकात, कर्नाळ रोडला लोक फुगलेल्या गाद्या, दारं अडकून बसलेली कपाटं, पोरांची दप्तरं रस्त्यावर आणून टाकत होते, आणि प्रत्येक ढिगाशेजारी उभं राहून कुणीतरी कारण सांगत होतं. अलमट्टीनं केलं. कोयनेतून वेळेवर पाणी सोडलं नाही. नदीची जागा आपण खाल्ली, तिनं परत घेतली. इथवर माझी काही तक्रार नाही. या कारणांवर भांडता येतं, आकडे काढता येतात, जमलंच तर पुढच्या पावसाळ्याआधी काहीतरी करता येतं. पण या गर्दीत एक वेगळ्या जातीचं वाक्य हमखास कानावर यायचं. "होतं ते बऱ्यासाठीच म्हणायचं ओ. नदीकाठच्या मळीला गाळ आला, आता पीक बघा कसलं येतंय." हे म्हणणाऱ्याचं घर वरच्या अंगाला, विश्रामबागेकडं. कोरडं ठणठणीत.

अशा वेळी मला पांग्लॉस आठवतो.

पांग्लॉस म्हणजे फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरच्या 'कांदीद'मधला मास्तर. ही छोटी कादंबरी १७५९ साली युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून जवळपास एकाच वेळी बाहेर पडली. लेखकाचं नाव नाही. 'डॉक्टर राल्फ यांच्या जर्मन पुस्तकावरून' अशी थाप मुखपृष्ठावर ठोकून दिलेली. जिनिव्हात आणि पॅरिसमध्ये ती जप्त करायचे हुकूम निघाले, व्हॉल्टेअरनं 'छे, असला पोरखेळ माझा कसा असेल' म्हणून कानांवर हात ठेवले, आणि पुस्तक हातोहात खपत राहिलं. वेस्टफालियातल्या एका बॅरनच्या वाड्यावर हा पांग्लॉस शिकवणीला असतो. त्याचा सिद्धांत एकच: हे जग शक्य असलेल्या सगळ्या जगांत सर्वोत्तम आहे आणि इथं जे काही आहे ते उत्तम हेतूनं आहे. नाक चष्मा टेकवायला केलंय, म्हणून आपण चष्मे घालतो. पाय विजारीसाठी केलेत, म्हणून विजारी. डुकरं खाण्यासाठी केलीत, म्हणून वर्षभर डुकराचं मांस. आणि बॅरनसाहेब थोर का, तर त्यांच्या वाड्याला दार आहे, शिवाय खिडक्याही आहेत. कांदीद नावाचा भाबडा पोरगा हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकतो, बॅरनच्या मुलीचा, क्युनेगोंदचा, पडद्याआड मुका घेतो, आणि ढुंगणावर लाथ बसून सर्वोत्तम जगातल्या सर्वोत्तम वाड्यातून हाकलला जातो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या सिद्धांताची धिंड.

ही धिंड जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझची आहे हे उघडच आहे, आणि तिच्यात त्याच्यावर अन्यायही आहे. न्यूटनच्या बरोबरीनं कलनशास्त्र उभं करणारा माणूस बावळट नव्हता. १७१०च्या त्याच्या ग्रंथातलं म्हणणं थोडक्यात असं: देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर त्यानं शक्य असलेल्या सगळ्या जगांतून निवडलेलं हे जग त्यातल्या त्यात चांगलंच असणार. आपल्याला जे वाईट दिसतं ते पूर्ण चित्राला लागत असेल, ते पूर्ण चित्र आपल्या नजरेत मावत नाही. यात 'सगळं मजेत चाललंय' असं कुठं नाही. व्हॉल्टेअरनं हा युक्तिवाद खोडून काढण्याचा प्रयत्नही केलेला नाही. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत 'कांदीद' नापास होईल. त्यानं एवढंच केलं की तो विचार एका माणसाच्या तोंडी दिला आणि त्या माणसाला युद्धात, भूकंपात, फासावर, गलबताच्या वल्ह्यावर नेऊन बसवलं. कागदावर निर्दोष दिसणारं वाक्य कुणासमोर आणि कुठल्या वेळी उच्चारलं जातंय, एवढंच बघायचं. माझ्या मते ही सुद्धा तपासणीच आहे, आणि ती तर्कशास्त्रापेक्षा कमी दर्जाची नाही.

यातला विनोद काळा आहे, पण तो कसा साधला आहे हे बघण्यासारखं आहे. व्हॉल्टेअर कुठंही आवाज चढवत नाही. तलाठ्यानं पंचनामा लिहावा तसं तो लिहितो. युद्धाचं वर्णन बघा. आधी तोफांनी दोन्ही बाजूंची सुमारे सहा-सहा हजार माणसं लोळवली. मग बंदुकींनी सर्वोत्तम जगाच्या पाठीवरचे नऊ-दहा हजार बदमाश कमी केले. काही हजारांच्या मृत्यूचं 'पुरेसं कारण' संगीन ठरली. एकूण बेरीज तीस हजारांच्या घरात. 'पुरेसं कारण' हे लायब्निझचं लाडकं तत्त्व: पुरेशा कारणाशिवाय काहीच घडत नाही. ते इथं संगिनीच्या टोकावर खोचलेलं आहे. आणि शेवटी दोन्ही राजे आपापल्या छावणीत देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हणवून घेतात. एवढ्यावर पान उलटतं. रडायला सवड मिळत नाही, म्हणून हसू येतं, आणि हसून झाल्यावर आपण कशाला हसलो ते कळतं. मधल्या त्या क्षणभरात व्हॉल्टेअरचं काम झालेलं असतं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर कांदीदला डोळे बांधून गुडघ्यावर बसवलेला एक जाडा माणूस दिसतो. त्याच्या डोक्यात गोळ्या घातल्या जातात. हा कोण? नौदलाचा सेनापती. का मारला? त्यानं पुरेशी माणसं मारली नाहीत म्हणून. या देशात अधूनमधून एखादा सेनापती मारलेला बरा, बाकीच्यांना हुरूप येतो. ही कल्पना नव्हे. जॉन बिंग नावाच्या अॅडमिरलला १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथच्या बंदरात जहाजावर असाच मारला होता, आणि त्याला वाचवण्यासाठी व्हॉल्टेअरनं स्वतः पत्रापत्री केली होती. ती फुकट गेली. मग त्यानं चार ओळींचा विनोद लिहिला. तो अजून टिकून आहे.

पण माझ्या लेखी या कादंबरीचं केंद्र आहे लिस्बनच्या ढिगाऱ्यात. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. चर्चमध्ये गर्दी, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा शहरात घुसल्या, मग आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारोंनी माणसं मेली. व्हॉल्टेअर हादरला, त्यानं लांबलचक कविता लिहिली. त्यावर रूसोनं १७५६च्या ऑगस्टात त्याला पत्र धाडलं: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथं निसर्गानं नव्हती बांधली. (पूररेषेवरून चाललेल्या सांगलीतल्या कुठल्याही बैठकीत हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखवता येईल.)

कादंबरीत कांदीद आणि पांग्लॉस लिस्बनला पाय ठेवतात आणि जमीन हलायला लागते. कांदीद पडलेल्या दगडांखाली जखमी होऊन आडवा झालेला. तो पांग्लॉसला म्हणतो, थोडं तेल आणि वाइन आणा हो, मी मरतोय. पांग्लॉस म्हणतो, हा भूकंप काही नवीन नाही. गेल्या वर्षी अमेरिकेत लिमा शहरात असाच झाला होता. सारखी कारणं, सारखे परिणाम. लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखालून गंधकाची शीर गेलेली असणार. कांदीद म्हणतो, शक्य आहे. पण देवाशपथ, थोडं तेल, थोडी वाइन. पांग्लॉस भडकतो: शक्य आहे म्हणजे काय? हे सिद्ध आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे! कांदीदची शुद्ध हरपते. मग कुठं पांग्लॉस शेजारच्या झऱ्याचं थोडं पाणी आणतो.

हा संवाद मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. पांग्लॉस दुष्ट नाही. त्याचं शिष्यावर प्रेम आहे. फक्त शिष्याच्या जखमेपेक्षा त्याला तिचं कारण जास्त खरं वाटतं. आणि हा रोग एकट्या पांग्लॉसला होतो असंही नाही. पुढच्याच प्रकरणात कोइंब्राचं विद्यापीठ असा निर्वाळा देतं की काही माणसं समारंभपूर्वक मंद आचेवर जाळली तर भूकंप हमखास थांबतात. माणसं जाळली जातात, पांग्लॉसला फाशी होते, आणि त्याच दिवशी भयंकर गडगडाट होऊन जमीन पुन्हा हादरते. आपल्याकडंही २०१९ला घर दोन दिवस पाण्यात बुडालेलं असेल तरच मोफत धान्य, असा एक सरकारी निकष गाजला होता. घरात दीड दिवस पाणी असलेल्यांनी काय करायचं? नदीला विनंती करायची, अजून बारा तास थांब म्हणून? व्हॉल्टेअर असता तर हा निकष त्यानं जसाच्या तसा उतरवून घेतला असता. त्यात भर घालायला जागाच नाही.

साताऱ्या-सांगलीच्या माणसाला लिस्बन लांबचं वाटायचं कारण नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनानगर. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. माझे मामा तेव्हा पाटणकडच्या एका वाडीत, शाळकरी वयाचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं म्हणणं होतं, कोयनामाईला भिंत घालून अडवली, तिनं अंग झाडलं. शिकलेली मंडळी त्यांना हसली. पुढं जगभरचे शास्त्रज्ञ शिवसागर जलाशय आणि तिथले धक्के यांचा संबंध सांगू लागले; धरणाच्या पाण्यामुळं होणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण. त्याच्या अभ्यासासाठी आज कराडला प्रयोगशाळा आहे आणि कोयना खोऱ्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडून आतल्या खडकाची विचारपूस झाली आहे. म्हणजे नदीच्या रागाची भाषा सोडली तर म्हाताऱ्यांचं बोट बरोबर जागेवर होतं. पांग्लॉसच्या गंधकाच्या शिरेपेक्षा तर नक्कीच. मी मोठ्या उत्साहानं हे मामांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल बाबा. त्या दिवशी थंडी लई हुती. कोण कुठल्या गावचा गडी आला आन् अंगावर घोंगडं टाकून गेला. त्येचं नाव बी इचारायचं राह्यलं."

कारण शोधूच नये असं मी म्हणत नाही. लिस्बन नव्यानं उभं करणाऱ्या पोर्तुगीज मंत्री पोम्बालनंही गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नांची यादी धाडली होती: धक्का किती वेळ टिकला, घरं किती पडली, माणसं किती मेली, समुद्रात, झऱ्यांत, नद्यांत काय फरक दिसला. भूकंपशास्त्राच्या सुरुवातीच्या कागदांत ती यादी मोजतात. त्या प्रश्नांना उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून ते विचारले गेले. पांग्लॉसला भूकंप व्हायच्या आधीपासूनच उत्तर ठाऊक असतं.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला दहाव्याच्या वेळी थोडा वेळ उभं राहून लोकांचं बोलणं ऐका. कावळा शिवेपर्यंत दुसरं काम नसतं, त्यामुळं सांत्वनाला ऊत येतो. "सुटला बिचारा." "चांगल्या माणसांना देव लवकर नेतो." चौकातल्या फ्लेक्सवर तरण्या पोराचा गॉगलमधला फोटो आणि खाली 'जो आवडतो सर्वांना, तोचि आवडे देवाला'. मोटारसायकलवरून गेलेल्या पोराच्या आईनं ते वाचायचं. लोक प्रेमानं बोलतात, मला माहीत आहे. माणूस गेल्यावर तोंडातून काहीतरी निघावं लागतं, आणि गप्प बसायला फार ताकद लागते. तरी त्या वाक्यांत पांग्लॉस असतोच.

मग कुणी म्हणेल, तुकोबांनीही तेच म्हटलंय. 'बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली.' हो, म्हटलंय. पण दिवाळं कुणाचं निघालं होतं? त्यांचं. दुष्काळात 'अन्न अन्न' करीत गेली ती बायको कुणाची? त्यांचीच. स्वतःच्या राखेवर उभं राहून 'बरं झालं' म्हणण्याचा हक्क त्यांनी कमावला होता, आणि ते बोलत होते देवाशी. शेजाऱ्याची बायको भुकेनं मेल्यावर त्याच्या दारात जाऊन त्यांनी हा अभंग म्हटला असता तर? तेच शब्द, तोच अर्थ, आणि तुकारामाचा पांग्लॉस झाला असता. व्हॉल्टेअरला देवभोळेपणाचा राग होता, समाधानाचा राग होता, असं पुष्कळांना वाटतं. मला वाटतं, त्याचा राग दुसऱ्याच्या जखमेवर आपलं समाधान चोळणाऱ्यांवर होता.

मध्ये एल डोराडो येतं, तिथं रस्त्यात सोनं पडलेलं आणि तुरुंग नाहीत. मला ते प्रकरण कंटाळवाणं वाटतं. बहुधा आदर्श राज्य कंटाळवाणंच असतं, आणि कांदीदही तिथून निघतोच. तो निघतो आणि सुरिनामच्या वाटेवर त्याला जमिनीवर पडलेला एक काळा गुलाम भेटतो. डावा पाय नाही, उजवा हात नाही. अशी अवस्था कशानं झाली? तो सांगतो, साखरेच्या कारखान्यात चरकात बोट सापडलं की हात तोडतात, पळून जायला गेलं की पाय तोडतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीला.

सांगलीत बसून हे पान वाचणं वेगळं आहे. हा साखरेचा मुलूख. चरक म्हणजे काय हे आम्हाला सांगावं लागत नाही. गुऱ्हाळावर चरकाला ऊस लावणाऱ्याचे हात बघताना अजून पोटात गोळा येतो. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, नगरकडून, आमच्याच जतकडून टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, म्हणजे हत्याराच्या नावानं दोन माणसं. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि खाडा पडू नये म्हणून बायका गर्भाशय काढून घेतात, हे २०१९ला बोभाटा झाल्यावर सगळ्यांना 'समजलं'. सरकारनं नेमलेल्या समितीला बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या बातमीवर चहा पिता पिता एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले होते, "पिशवी काढली की त्रास मिटतो हो, एका अर्थी बरंच असतं ते." चहात दोन चमचे साखर होती. हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर जरा कमी उघड केलं असतं.

त्या गुलामापाशी कांदीद पहिल्यांदा मास्तरांचा सिद्धांत टाकतो. सोबतचा नोकर काकाम्बो विचारतो, काय असतो तो आशावाद? कांदीद म्हणतो, सगळं वाईट चाललेलं असताना सगळं बरं आहे असं रेटून सांगायचं वेड. आणि गुलामाकडं बघत रडतो, आणि रडत रडत सुरिनाममध्ये शिरतो. गुलाम तिथंच राहतो. पुढच्या ओळीत जहाजाची चौकशी सुरू. हे व्हॉल्टेअरनं मुद्दाम केलंय की गोष्टीच्या घाईत झालंय, माझं मन ठरत नाही. मुद्दाम असेल तर पुस्तकातला सगळ्यात कडू विनोद हा आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

शेवट सगळ्यांना पाठ असतो. फासावरून वाचलेला पांग्लॉस, कुरूप झालेली क्युनेगोंद, एक ढुंगण गमावलेली म्हातारी, असे सगळे कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका लहानशा मळ्यात गोळा होतात. वाद घालून दमतात. पांग्लॉस एका दरवेशाला विचारतो, माणसासारखा विचित्र प्राणी का केला गेला? कांदीद म्हणतो, पण जगात भयंकर वाईट आहे. दरवेशी म्हणतो, सुलतान इजिप्तला जहाज धाडतो तेव्हा त्यातले उंदीर सुखात आहेत का याची फिकीर करतो काय? आणि दार लावून घेतो. मग वाटेत एक म्हातारा तुर्क शेतकरी भेटतो, आपल्या बागेतली फळं, सरबत, साय पुढं ठेवतो. कांदीद मळ्यावर परत येतो आणि ठरवतो, आपली बाग कसली पाहिजे.

या वाक्यावर अडीचशे वर्षं भांडण आहे. कुणाला ती पळवाट वाटते, कुणाला शहाणपण. मला त्याआधीच्या अर्ध्या पानाचं जास्त कुतूहल आहे. पांग्लॉस शेवटची बेरीज मांडतो: तुला वाड्यातून लाथ घालून हाकललं नसतं, धर्मसभेच्या हाती तू सापडला नसतास, अमेरिकेत पायी भटकला नसतास, बॅरनला तलवार खुपसली नसतीस, एल डोराडोच्या मेंढ्या गमावल्या नसत्यास, तर आज इथं बसून साखरेत मुरवलेलं म्हाळुंग आणि पिस्ते खात नसतास. या साखळीत सुरिनामचा गुलाम नाही. साखर आहे.

मळ्यात मग प्रत्येक जण कामाला लागतो. क्युनेगोंदला उत्तम मिठाई जमायला लागते, म्हातारी कपडे सांभाळते, आणखी एक जण सुतारकाम करतो आणि चक्क प्रामाणिक होतो. जमिनीचा तुकडा भरपूर पिकतो. व्हॉल्टेअर सगळ्यांची अशी हजेरी घेतो, पण तीत काकाम्बो नाही. त्याच्याबद्दलचं वाक्य चार पानं आधी येऊन गेलेलं असतं: काकाम्बो बागेत राबायचा, कॉन्स्टँटिनोपलला जाऊन भाजी विकायचा, कामानं पिचून गेला होता आणि नशिबाला शिव्या देत होता. बाकीच्यांचं तत्त्वज्ञान अजून चाललेलं होतं तेव्हाची ही गोष्ट.